दोन खांबांमधले अंतर

वास्तुकलेचा इतिहास म्हटला की ग्रीसची देवालये, रोमच्या कमानी आणि युरोपातील चर्चेस यांची चित्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. ती अवश्य पाहावीत. परंतु बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून थोडे डोळसपणे हिंडणाऱ्यास खांब, तुळई, कमान, कैची आणि स्लॅब ही सारी मंडळी येथेच भेटतात. त्यांचा परस्परांशी संबंध कसा लावावयाचा, एवढेच समजून घ्यावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो एका साध्या प्रश्नाने लागतो: दोन आधारांमधली मोकळी जागा माणसाने कशाने झाकली?

इंदापूर तालुक्यातील पळसदेवपासून सुरुवात करू. भीमेकाठचे हे जुने गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेले. धरणाचे काम १९६९ साली सुरू झाले व १९८० साली पूर्ण झाले. गाव वर सरकले, पळसनाथाचे जुने मंदिर मात्र खालीच राहिले. जलाशय फार आटला, म्हणजे ते उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते तसे पडले होते. अशा मंदिरांना आपण सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. अंबरनाथचे शिवमंदिर तर १०६० सालचे. तेव्हा ही पद्धती हेमाडपंताने शोधली असे म्हणता येत नाही. नाव मात्र रूढ झाले आहे, ते बदलण्याच्या भरीस कोणी पडू नये.

या पद्धतीचे सारे रहस्य तुळईत आहे. उभ्या दोन दगडांवर आडवा दगड टाकला की दार झाले. पण आडव्या दगडावर भार आला म्हणजे त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दगड दाब कितीही सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. तो खालून तडकतो. म्हणून दगडी तुळई लांब करता येत नाही आणि म्हणूनच या सभामंडपांत खांबांची एवढी दाटी असते. आपल्याला ती शोभेसाठी वाटते, पण मूळ कारण काळ्या दगडाच्या स्वभावात आहे.

शिल्पींनी या अडचणीवर केलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. खांबाच्या माथ्यावर चारी बाजूंना पुढे आलेले हात बसविले. त्यांवरचे कीचक छत उचलून धरल्यासारखे दिसतात. या हातांमुळे तुळईचे उघडे अंतर वीत-दोन वीत तरी कमी होते. छताच्या चौकोनाचे कोपरे तिरप्या शिळांनी झाकले, त्यामुळे आत लहान चौकोन उरला. त्याचेही कोपरे तसेच झाकले. शेवटी उरलेल्या भोकावर एक कमळ कोरलेली शिळा ठेवली की काम झाले. काही ठिकाणी दगडांची वर्तुळे एकावर एक थोडी थोडी पुढे सरकवून घुमटासारखे छत साधले आहे. दिसावयास तो घुमट खरा, पण त्यातला प्रत्येक दगड आडवाच बसलेला असतो. पळसनाथाचे भूमिज शिखर तर विटांचे आहे. वीट दगडापेक्षा हलकी आणि हाताळावयास सोपी. खालच्या दगडी भिंतींवरचा भार तेवढाच कमी.

कमान ही निराळी युक्ती. तीत आडवा दगड नसतोच. पाचरीसारखे घडविलेले लहान लहान दगड एकमेकांना दाबून धरतात. ताण कोणालाच सोसावा लागत नाही, सर्वांच्या वाट्याला दाब येतो. आणि दाब तर दगडाला मानवतो. मात्र कमान दोन्ही अंगांना बाहेर रेटते. तो रेटा घ्यावयास जाड भिंत लागते आणि शेवटचा मधला दगड बसेपर्यंत खाली लाकडी साचा लागतो. कमान आपल्याकडे पूर्वी नव्हतीच असे नव्हे. कानपूरजवळ भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या मंदिरात ती आहे. परंतु आपल्या शिल्पींनी तिच्यावर विश्वास टाकला नाही. दख्खनमध्ये ती सर्रास झाली ती बहामनी व त्यानंतरच्या शाह्यांच्या काळी, आणि तिच्याबरोबर घाणीत मळलेला चुनाही सर्रास झाला. विजापूरचा गोलघुमट हा तिचा कळस. महंमद आदिलशहा १६५६ साली वारला. त्याच्या कबरीवरचा सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट आत एकही खांब न ठेवता उभा आहे. चौकोनाचे कोपरे तेथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी झाकले आहेत. मंदिराच्या छताची तिरपी शिळा आणि ही कमान यांचे काम एकच, हे ध्यानात आले म्हणजे दोन परंपरा तितक्याशा परक्या वाटत नाहीत. यवतजवळच्या भुलेश्वराला तर त्या एकाच आवारात नांदतात: आत यादवकालीन काळ्या दगडाचे खांब आणि तुळया, वर मागाहून केलेले चुनेगच्ची घुमट.

आता घरांकडे वळू. कऱ्हाकाठचा बाबूजी नाईकांचा वाडा बारामतीकरांना सांगावयास नको. मोरोपंतांचे (१७२९–१७९४) आयुष्य त्याच आश्रयाने गेले. पेशवाईतील वाडा मोजावयाचा तो खणांत. खण म्हणजे येथे चोळीचा नव्हे, तर दोन खांबांमधले अंतर. तुळईचे लाकूड जेवढे मिळेल तेवढा खण. लाकूड ताण सोसते, म्हणून खांब सडपातळ झाले आणि चौक मोकळे झाले. अशा वाड्यांत खांबांच्या मध्ये नक्षीदार लाकडी महिरप असते; पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात ती पाहावी. कमानीचा आकार तिला आहे, पण ती भार घेत नाही. भार वरची तुळई घेते, महिरप केवळ लटकत असते. गरज संपली तरी रूप उरते. कार्ल्याच्या चैत्यगृहात कातळाच्या छताला खालून लाकडी फासळ्या लावल्या आहेत त्या याच न्यायाने. डोंगराला फासळ्यांचा काय उपयोग?

आपल्या भागातील साध्या घराला पाऊस कमी म्हणून उताराचे छप्पर लागले नाही. खांब, तुळई, वर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या आणि पाला, त्यावर पांढरी माती, असे माळवद झाले. उन्हाळ्यात त्याखाली बसून पाहावे. स्लॅबखाली बसणारा त्याच्याशी वाद घालणार नाही. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले सर्वत्र पसरली. वालचंदनगरला १९३० नंतर साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या छपराला लोखंडी कैची लागते. तिचे काही दांडे दाब घेतात, काही ताण. यंत्रे मांडावयास मधली जागा मोकळी राहते.

आणि स्लॅब? सिमेंट काँक्रीट हा एका अर्थी पुन्हा दगडच. दगडाचा दोष त्यातही आहे, तोही ताणाला फुटतो. फरक एवढाच की खालच्या, ताणल्या जाणाऱ्या बाजूस पोलादी सळया घातल्या. पळसदेवच्या शिल्पींना जी अडचण पडली होती, तिचेच हे उत्तर आहे. आज नव्या बंगल्यांच्या पुढे सिमेंटच्या कमानी दिसतात. त्या महिरपीच्या भगिनी होत. वर तुळई आहेच.

पळसनाथाचे मंदिर दरवर्षी पाण्यात जाते आणि एखाद्या वर्षी बाहेर येते. पाण्याच्या चढउताराने विटांची झीज होते, सांध्यांत गाळ शिरतो, आणि हे थांबविणे आपल्या हाती नाही. हाती आहे ते मोजणे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी नको. पन्नास फुटी टेप, वही आणि पेन्सिल पुरेत. खांबाची उंची, दोन खांबांमधले अंतर, तुळईची जाडी आणि छताच्या तिरप्या शिळांचा क्रम टिपून घ्यावा, शिखराची वीट कोठपर्यंत शाबूत आहे ते पाहावे आणि वहीवर तारीख घालावी. गावातील जुना सुतार किंवा गवंडी भेटल्यास प्रत्येक भागाला तो कोणते नाव देतो तेही विचारून घ्यावे. ही नावे पुस्तकांत क्वचितच मिळतात. चैत्र-वैशाखात पाणी ओसरल्यावर जावे, ते सकाळी लवकर, कारण तेथे सावली नाही आणि गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय रुततो.