एका बोटाने दाखवता येणारे दुखणे

गुडघा दुखतो म्हटले की आपल्याकडे उत्तरे तयार असतात. झीज झाली, वात आहे, नस दबली. मलाही हीच मिळत गेली.

आमची शेती मालेगाव तालुक्यातली. रब्बीत हरभऱ्याच्या ओलिताला वीज बहुतेक वेळा रात्रीची. थंडीत दांड फोडताना गार पाणी गुडघ्याला लागले की वाटीच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ उठायची की फावडे हातातून सुटायचे. पहाटे मोटारसायकलवर वारा लागला तरी तेच. दिसायला काही नाही. ना सूज, ना लाली. एक्स-रे साफ, रक्ताचे रिपोर्ट साफ. मालिशवाल्याला मी त्या जागेला हातही लावू देत नसे. पुढे पुढे घरचे म्हणू लागले, मनावर घेतले आहे. एका दवाखान्यातून तर झोपेच्या गोळ्या लिहून मिळाल्या. रिपोर्टात काही निघत नाही म्हणून दुखणेच खोटे ठरवतात, तेव्हा माणूस दुखण्यापेक्षा त्या बोलण्याने खचतो. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

अकोल्याच्या एका सर्जननी मात्र आधी रिपोर्ट बाजूला ठेवले. म्हणाले, “भाऊ, सगळा गुडघा नका सांगू. एका बोटाने दाखवा.” मी दाखवले. त्यांनी टाचणी घेतली आणि तिच्या बोंडाने आजूबाजूला दाबत गेले. कुठेच काही नाही. मग ज्वारीच्या दाण्याएवढ्या एका जागेवर बोंड टेकले आणि मी ओरडलोच. नंतर त्यांनी पाय थोडा वेळ वर धरला, मांडीला बीपीचा पट्टा बांधून फुगवला आणि तीच जागा पुन्हा दाबली. दुखले नाही! पट्टा सोडताच कळ परत आली. तपासायला पाच-दहा मिनिटे लागली असतील. त्यांनी संशय बोलून दाखवला: ग्लोमस ट्यूमर.

त्वचेत बारीक धमनी आणि शीर थेट जोडणारी ग्लोमस नावाची एक रचना असते. अंगाची उष्णता राखायला ती मदत करते. तिच्याच पेशी वाढून ही गाठ होते, म्हणून थंडीने ती भडकते. एडिंबरोच्या विल्यम वुड यांनी अशा दुखऱ्या गाठींचे वर्णन 1812 मध्येच केले होते. ती नेमकी कशाची असते हे पिएर मासों यांनी 1924 मध्ये दाखवले. ती बहुधा बोटाच्या नखाखाली होते आणि तिथे डॉक्टरांच्या लवकर लक्षात येते. गुडघा, मांडी, कोपर अशा जागी झाली की संशयच येत नाही, आणि वर्षे निघून जातात.

म्हणून सांगतो. दुखणे एकाच ठिपक्यावर असेल, कपड्याचा स्पर्शही सोसत नसेल आणि गारठ्याने वाढत असेल, तर या तिन्ही गोष्टी डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगा. जागेवर पेनाने खूण करून जा. सोनोग्राफी करणाऱ्याला नेमके तिथेच बघायला सांगा. एमआरआय असेल तर त्या ठिपक्यावर खुणेची कॅप्सूल चिकटवायची विनंती करा. गाठ अनेकदा काही मिलिमीटरचीच असते, सगळ्या गुडघ्याच्या चित्रात ती नजरेतून सुटते. निदान झाले नसताना त्या जागी पुन्हा पुन्हा इंजेक्शने घेऊ नका. आणि प्रत्येक दुखरी गाठ ग्लोमसच असते असेही नाही. नसेची, स्नायूची, चरबी-रक्तवाहिन्यांची गाठही अशी ठणकते. गाठ भरभर वाढत असेल, खोल असेल किंवा दोन इंचांच्या वर गेली असेल, तर गावात चिरा देऊन घेऊ नका. ती कर्करोगाचीही असू शकते. थेट मोठ्या रुग्णालयात जा.

माझी गाठ छोट्या शस्त्रक्रियेत निघाली. टाके दुखले तेवढेच. ती जुनी कळ पुन्हा आली नाही. पुढच्या हिवाळ्यात हरभऱ्याचे ओलित मीच केले.

एक मात्र विसरू नका. ही गाठ बहुधा साधीच असते, पण क्वचित तशी नसते, आणि थोडी आत राहिली तरी पुन्हा होऊ शकते. काढलेला तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला गेला का, हे स्वतः विचारा आणि तो रिपोर्ट घरी जपून ठेवा.