आयर्लंडच्या दुष्काळाची व्यंगचित्रं भिंतीवर लावायची, तर खर्च किती?

१८४९च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात एक चित्र आलं. ओझ्यानं वाकलेला इंग्रज मजूर आणि त्याच्या पाठीवर मांड ठोकून बसलेला, दात विचकणारा आयरिश शेतकरी. जवळ पन्नास हजार पौंडांची थैली. सरकारनं आयर्लंडसाठी तेवढी मदत देऊ केली होती, त्यावरचा हा शेरा. तेव्हा आयर्लंडात लोक उपाशी मरत होते. १८४५मध्ये बटाट्यावर रोग पडला, त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली, निदान तितकीच देश सोडून गेली. १८४१च्या शिरगणतीतली ८२ लाखांची वस्ती १८५१मध्ये ६५ लाखांवर आली होती.

अशी चित्रं आज फ्रेम करून लावतात. काळी-पांढरी करकरीत रेघ कुठल्याही भिंतीवर उठून दिसते. माझा सल्ला आधीच सांगतो: मूळ पानासाठी फार पैसे मोजू नका, ते फ्रेमवर आणि चित्राखालच्या टिपेवर घाला.

‘मूळ’ म्हणून जे विकतात ते चित्रकाराच्या हातचं नसतं, अंकातून सुटं केलेलं छापील पान असतं. चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेलं. ‘पंच’चं पान ए-४पेक्षा किंचित लहान असतं आणि ब्रिटनमधले जुन्या छापील चित्रांचे विक्रेते ते साधारण १० ते ३० पौंडांना देतात. न्यूयॉर्कच्या ‘हार्पर्स वीकली’तली थॉमस नास्टची पानं मोठी, म्हणून महाग, एका पानाला ३० ते ८० डॉलर, जोडपानाला त्याच्या दुपटीहून जास्त. ‘पक’ या अमेरिकन साप्ताहिकाची रंगीत शिळाछापाची जोडपानं शंभर-दोनशे डॉलरपर्यंत जातात. ‘पंच’चा सहा महिन्यांचा बांधीव खंड मात्र अनेकदा १५ ते ४० पौंडांत मिळतो. एका चित्रासाठी असा खंड फाडू नये, एवढी मनापासून विनंती. खंड तसाच ठेवा आणि त्यातलं चित्र स्कॅन करून घ्या.

रंगीत ‘पंच’ दाखवून कुणी दुप्पट दाम मागितला, तर देऊ नका. ती चित्रं काळ्या शाईतच छापली जात. रंग नंतर कुणीतरी भरलेला असतो. पान खरं की नंतरची प्रत, हे पाहायला दहापटीचं भिंग पुरतं. रेघेत बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, की प्रत नंतरची. जाळी दिसली नाही म्हणून लगेच खूश होऊ नका. पान उलटून बघा. अंकातल्या कागदाच्या कडा पिवळसर पडलेल्या असतात, शिवणीची बाजू ओळखू येते आणि ‘हार्पर्स’च्या पाठीवर बहुधा मजकूर असतो. विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथंच सोडा.

परदेशातून मागवताना पानापेक्षा टपालच महाग पडू शकतं, वर आयातीचा कर. तो बहुधा विक्रेत्याच्या किमतीत धरलेला नसतो, पार्सल दारात आल्यावर भरावा लागतो. डब्लिन-कॉर्कला राहणाऱ्यांनीही लंडनहून मागवताना हे लक्षात ठेवावं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनचा माल युरोपीय संघाबाहेरचा ठरतो आणि त्यावर व्हॅट लागतो.

या सगळ्याला सरळ पर्याय म्हणजे स्वतः प्रत काढणं. ‘पंच’चे चित्रकार जॉन लीच १८६४मध्ये, ‘हार्पर्स’चे नास्ट १९०२मध्ये आणि ‘पंच’चेच जॉन टेनिएल १९१४मध्ये वारले. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, तेव्हा परवानगीचा प्रश्न नाही. ‘पंच’चे खंड हायडलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयानं आणि इंटरनेट आर्काइव्हनं, तर ‘पक’ची चित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं फुकट उघडी ठेवली आहेत. ए-३ प्रत स्वच्छ यायची, तर फाइल साधारण ४९६० गुणिले ३५०८ पिक्सेलची हवी. ‘पंच’चं चित्र दुपटीपर्यंत मोठं करावं, त्यापुढे रेघा जाड आणि भोंगळ दिसतात. पुण्या-मुंबईत आम्लमुक्त जाड कागदावरच्या ए-३ छपाईला साधारण ८०० ते १५०० रुपये पडतात. साध्या पोस्टर कागदावर शे-दोनशेत काम होतं, पण तो लवकर पिवळा पडतो.

आता फ्रेम. ए-३ भोवती दोन इंचांचा माउंट घेतला, की बाहेरचं माप १६ बाय २० इंच, म्हणजे पट्टी सहा फूट. कोपरे कापण्यात जाते म्हणून फ्रेमवाला सात धरतो, ते रास्तच आहे. लाकडी पट्टी रनिंग फुटाला १५० ते ३०० रुपये धरा. माउंट, मागचा पुठ्ठा आणि काच वेगळी. साधी काच स्वस्त, पण मूळ पान असेल तर अतिनील किरण अडवणारी काच किंवा अॅक्रिलिकच घ्या, खर्च दुपटीनं वाढला तरी. माउंट आम्लमुक्त हवा आणि कागद काचेला टेकता कामा नये. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात टेकलेला कागद काचेला चिकटतो, बुरशी धरते. पाठ चिकटपट्टीनं बंद करून घ्या, नाहीतर कसर शिरते. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तर लावूच नका.

राहिला निवडीचा प्रश्न. यातली बरीच चित्रं उपाशी माणसाला आळशी, माकडतोंड्या, भीकमाग्या म्हणून रंगवतात. ती एकटी टांगली, तर पाहुण्याला नुसता विनोद दिसतो आणि ज्यांची टिंगल झाली त्यांचं काहीच दिसत नाही. म्हणून मी जोडी लावायला सांगतो. दुष्काळानंतरचं, टेनिएलचं २४ ऑक्टोबर १८८५चं ‘द आयरिश व्हँपायर’ घ्या: झोपलेल्या आयर्लंडवर झेपावणारं, आयरिश नेते पार्नेल यांच्या चेहऱ्याचं वटवाघूळ. दोनच आठवड्यांत डब्लिनच्या ‘आयरिश पायलट’नं ‘द इंग्लिश व्हँपायर’ छापून उत्तर दिलं. मजुराच्या पाठीवरच्या शेतकऱ्याशेजारी ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधलं, डिसेंबर १८४९चं दुष्काळग्रस्त ब्रिजेट ओ’डॉनेल आणि तिच्या मुलांचं रेखाचित्र लावा. तेही लंडनमध्येच, त्याच वर्षी छापलेलं.

दुसऱ्या प्रतीचा आणि फ्रेमचा खर्च तेवढाच पडतो. बजेटमध्ये बसत नसेल, तर दोन्ही ए-४ छापून एकाच फ्रेममध्ये दोन खिडक्यांचा माउंट कापून घ्या. माउंट कापणारा जादा पैसे घेतो, पण पट्टी आणि काच एकदाच लागते. खाली टीप हवीच: साप्ताहिकाचं नाव, तारीख, चित्र कुणाच्या बाजूनं काढलंय आणि त्या वर्षी आयर्लंडात काय चाललं होतं, एवढं मराठीत चार ओळींत. तिची छपाई शंभर रुपयांच्या आत होते. ती माउंटच्या खालच्या कडेला काचेच्या आत बसवून घ्या. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी एका पावसाळ्यात सुटते.