महापौर : पदाचा इतिहास व अर्थ

आपल्या परभणी शहरास २०११ सालीं महानगरपालिका मिळाली आणि २०१२ च्या निवडणुकीनंतर पहिला महापौर लाभला. तेव्हांपासून 'महापौर' हा शब्द आपल्या घरांत व बाजारांत सहज उच्चारला जातो. परंतु हें पद आलें कोठून, त्याच्या हातीं सत्ता किती, आणि त्या पदावरील व्यक्तीस 'महा' म्हणावयाचें तें कशासाठीं, असें कोणी विचारल्यास पुष्कळांस उत्तर सुचत नाहीं. त्या प्रश्नांचा विचार येथें करूं.

प्रथम शब्द पाहूं. इंग्रजी 'मेयर' हा शब्द लॅटिन भाषेंतील 'अधिक मोठा' या अर्थाच्या शब्दापासून निघाला. मराठींतील 'महापौर' हा शब्द विनायक दामोदर सावरकर यांनीं भाषाशुद्धीच्या चळवळींत दिला. पुर म्हणजे नगर, पौर म्हणजे नगरवासी, आणि महापौर म्हणजे नगरवासीयांतील मोठा. मोठेपणा दोन्ही शब्दांत आहे. पण एक भेद ध्यानांत घ्या. लॅटिन शब्द नुसता 'मोठा' म्हणून थांबतो. मराठी शब्द त्या मोठ्या मनुष्यास आधीं 'पौर', म्हणजे तुमच्याआमच्यासारखा नगरवासी, ठरवितो. या पदाचा इतिहास म्हणजे पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेला प्रवास होय.

या प्रवासाचा आरंभ विलायतेंतील वेल्स प्रांतांत स्पष्ट दिसतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड यानें वेल्स जिंकल्यावर कॉन्वी येथें किल्ला व तटबंदीचें नगर वसविलें आणि १२८४ सालीं त्या नगरास सनद दिली. त्या सनदेप्रमाणें किल्ल्याचा किल्लेदार हाच नगराचा मेयर असे. म्हणजे ज्याच्या हातीं तरवार, त्याच्याच हातीं नगराचा कारभार! कार्डिफ नगरांतही किल्लेदारच मेयर असण्याची चाल होती. पुढें १८३५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें नगरपालिकांच्या सुधारणेचा कायदा केला. करदात्यांनीं नगरसभा निवडावी आणि त्या सभेनें मेयर निवडावा, असें ठरलें. मेयर किल्ल्यांतून उतरून नगरांत आला, असें म्हटलें तरी चालेल.

आतां आपल्या देशाकडे वळूं. मुंबई बेट १६६८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीकडे आलें. १७२६ सालीं राजा पहिला जॉर्ज याच्या सनदेनें मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें 'मेयर्स कोर्ट' स्थापण्याचें ठरलें. त्यांत एक मेयर व नऊ आल्डरमन असत. हा मेयर रस्ते झाडविणारा किंवा पाणी पुरविणारा नव्हे, तर दिवाणी दावे ऐकणारा न्यायाधीश होता. १७९८ सालीं मुंबईंत मेयर्स कोर्टाची जागा रेकॉर्डर्स कोर्टानें घेतली. नगरवासी लोकांनीं निवडलेला मेयर येण्यास मात्र आणखी सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं.

मधल्या काळांत खरा झगडा झाला. १८६५ च्या कायद्यानें मुंबईचा कारभार म्युनिसिपल कमिशनरच्या हातीं आला. पहिले कमिशनर ऑर्थर क्रॉफर्ड हे मोठे कर्तबगार होते. आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाजारास प्रथम त्यांचेंच नांव होतें. त्यांनीं शहर सुधारलें, परंतु खर्च बेसुमार झाला आणि करदाते संतापले. तेव्हां १८७१ सालीं तरुण फिरोजशहा मेहता यांनीं असें प्रतिपादिलें कीं, कारभार चालविण्यास एकच जबाबदार अधिकारी असावा हें योग्यच आहे; उणीव आहे ती त्यावर देखरेख ठेवणाऱ्या लोकनियुक्त सभेची. हें मत त्या वेळीं लोकांस रुचलें नाहीं. परंतु पुढील वर्षीं, १८७२ सालीं, जो कायदा झाला त्यानें ६४ सभासदांची नगरसभा स्थापिली आणि त्यांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडावे असें ठरविलें. पुढें मेहता स्वतः चार वेळां त्या सभेचे अध्यक्ष झाले.

१९३१ सालीं या अध्यक्षासच 'मेयर' ही संज्ञा मिळाली व जे. बी. बोमन बेहराम हे मुंबईचे पहिले मेयर झाले. यानंतरचीं दोन नांवें तुम्हीं लक्षांत ठेवावीं. परकीय सरकारनें ज्यांस तुरुंगांत टाकलें होतें, त्या युसुफ मेहेरअली यांस १९४२ सालीं नगरसेवकांनीं महापौर निवडलें. १९५६ सालीं सुलोचना मोदी या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. एकेकाळीं किल्लेदाराचें असलेलें आसन प्रथम राजबंद्यास आणि मग एका स्त्रीस मिळालें. मतदारांचें वर्तुळही असेंच वाढलें : पूर्वीं केवळ करदात्यांस मत होतें, १९४८ च्या मुंबईच्या निवडणुकींत तें सर्व प्रौढ नागरिकांस मिळालें.

त्याच १९४८ सालच्या १७ सप्टेंबरपर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार येथील प्रजेस नव्हता. म्हणून ज्या मताची मुंबईकरांस आज संवय झाली आहे, तें आपल्या आजोबापणजोबांस फार उशिरां मिळालें, हें विसरूं नये.

मग आजच्या महापौराच्या हातीं सत्ता किती? नगरसेवक आपल्यांतूनच त्यास अडीच वर्षांकरितां निवडतात. तो सभेचा अध्यक्ष असतो आणि समसमान मतें पडल्यास त्याचें मत निर्णायक ठरतें. परंतु प्रत्यक्ष कारभार राज्यसरकारनें नेमलेल्या आयुक्ताकडे असतो. कोणी म्हणेल, 'मग महापौर म्हणजे केवळ शोभेची वस्तु!' हें म्हणणें उथळ आहे. आयुक्त बदलून दुसऱ्या गांवीं जातो. महापौर याच गांवांत राहतो. नळास पाणी आलें नाहीं तर तें त्याच्याही घरीं येत नाहीं. लोकांनीं ज्यास विचारावें आणि ज्यानें त्यांच्या वतीनें आयुक्तास विचारावें, असा तो मनुष्य आहे.

असा मनुष्य नसल्यास काय होतें, हें आपण नुकतेंच पाहिलें. २०२२ सालीं आपल्या महानगरपालिकेची मुदत संपली आणि निवडणूक न झाल्यामुळें कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यांतील इतर महानगरपालिकांचीही हीच अवस्था झाली. जानेवारी २०२६ मध्यें मतदान झालें, तोंपर्यंत महापौराचें आसन रिकामें होतें. झाडू व दिवे तेव्हांही होते. परंतु ज्यास आपण निवडलें असा, जाब देणारा कोणी सभेंत नव्हता. आश्चर्य हें कीं, पुष्कळांस ती उणीव जाणवलीही नाहीं! जो हक्क मिळविण्यास इतरांनीं शतकें घालविलीं, तो हातून गेल्याचें आपल्यास कळूंही नये, ही गोष्ट चिंतेची आहे. हक्क बळानें हिरावला जातो तसाच तो दुर्लक्षानेंही झिजतो.

पालकांस एवढीच विनंति आहे कीं, मतदानाच्या दिवशीं घरीं बसून राहूं नये आणि मत दिल्यावर आपलें काम संपलें असेंही समजूं नये. विद्यार्थ्यांनीं आपल्या प्रभागाचा क्रमांक व आपल्या नगरसेवकांचीं नांवें माहीत करून घ्यावीं. एकदां वडील मंडळींबरोबर जाऊन महानगरपालिकेची इमारतही पाहून यावी.

प्रभु येशूच्या शिष्यांमध्यें एकदां 'आपणांत मोठा कोण' असा वाद उपस्थित झाला, तेव्हां प्रभूनें मोठेपणाची कसोटी म्हणून सेवा हीच सांगितली. ही कसोटी सर्व धर्मांच्या सज्जनांस मान्य होण्यासारखी आहे. त्या कसोटीस उतरेल तो महापौर खरा. आणि ती कसोटी लावणें हें पौरांचें, म्हणजे तुमचेंआमचें, काम आहे.