घाट चढून पुण्याला

भाताची झोडणी झाली, पेंढा रचून झाला, की आपल्या कर्जत-खालापूर भागातला शेतकरी चार दिवस मोकळा होतो. हे दिवस कोणी लेकीकडे काढतो, कोणी यात्रेला जातो, कोणी पारावर बसून राहतो. लेकीकडे जावे, यात्रेलाही जावे. पण एका वर्षी दोन दिवस काढून पुणे पाहून यावे, असे आम्ही सुचवतो.

"पुण्यात काय ठेवलंय? पडक्या भिंती बघायला पैसे कशाला घालवायचे?" असे पुष्कळ जण आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे. गरिबाच्या घरात प्रवासाचा पैसा सहज निघत नाही. लग्न, दवाखाना आणि कोर्टकचेरी, एवढ्यासाठीच आपण गाव सोडतो. त्यातही घरची बाई बहुधा मागेच राहते. म्हणून खर्चलेल्या पैशाचे काय मिळते, ते नीट सांगितले पाहिजे.

पहिला लाभ वाटेतच होतो. कर्जतहून पुणे आगगाडीने सुमारे ९० किलोमीटर. कोणती गाडी कर्जतला थांबते, ते आधी स्टेशनात विचारून घ्यावे. पुढे बोरघाटाचा चढ आहे, म्हणून येथे बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. मग बोगदे सुरू होतात. मुले ते मोजू लागतात आणि विसाच्या पुढे गेली की चुकतात. घाटातला हा लोहमार्ग १८६३ साली पुरा झाला. तो बांधताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. मुलांना हेही सांगावे.

पुण्यात आधी लाल महाल पाहावा. शहाजीराजांनी जिजाबाई आणि बाल शिवाजी यांच्यासाठी येथे वाडा बांधला होता. तो मूळ वाडा आता नाही. आज दिसते ती इमारत गेल्या शतकाच्या अखेरीस उभारलेली आहे. हे आधी माहीत असले म्हणजे हिरमोड होत नाही.

१६६० साली औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यात आला आणि लाल महालात राहिला. तेथून त्याने कारतलबखान नावाच्या सरदाराला कोकणात पाठवले. हा खान घाट उतरून आला तो कोठे? आपल्याच खालापूर तालुक्यात, चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत! फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याला तेथे रानात कोंडले. पुढची वाट बंद, मागची वाट बंद. खान शरण आला आणि जवळचे सारे टाकून परत गेला. पुढे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री महाराज स्वतः लाल महालात शिरले. त्या रात्री शाहिस्तेखानाची बोटे तुटली, आणि तो पुणे सोडून गेला. म्हणजे या गोष्टीचे एक टोक आपल्या रानात आहे आणि दुसरे पुण्याच्या पेठेत. उंबरखिंडीत गुरे चारणाऱ्या माणसाला लाल महाल जितका कळेल, तितका मुंबईच्या साहेबाला कळणार नाही, असे आमचे मत आहे.

तेथून हाकेच्या अंतरावर शनिवारवाडा आहे. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३० साली त्याचा पाया घातला. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर टोकदार लोखंडी खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ही योजना. आत गेल्यावर मात्र वाडा दिसत नाही. १८२८ साली मोठी आग लागली आणि आतल्या इमारती जळाल्या. उरली ती जोती आणि कारंज्याचा हौद. "एवढंच?" असे म्हणून मागे फिरू नये. जोत्यावर उभे राहून पाट्या वाचाव्यात. १७७३ साली येथे नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. त्यात त्यांचे चुलते राघोबादादा दोषी आहेत, असे रामशास्त्री प्रभुणे या न्यायाधीशांनी ठरवले. राघोबादादा तेव्हा स्वतः गादीवर होते, तरी शास्त्रीबुवा डगमगले नाहीत. पुढे १८१७ साली याच वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

जवळच नाना फडणवीसांचा वाडा आहे. हे नाना आपल्याला परके नाहीत. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचे देऊळ त्यांनीच बांधले. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटसरूंची तेथे पाण्याची सोय झाली.

दुपारी उन्हात न फिरता राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. दिनकर केळकर यांनी जन्मभर फिरून जुन्या वस्तू जमवल्या. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्याचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. येथे समया आहेत, अडकित्ते आहेत, कुलपे, भांडी, वाद्ये, कोरीव दारे आहेत. घरातली म्हातारी बरोबर असेल तर फारच उत्तम. नातू पाटी वाचतो, आणि ती वस्तू कशी वापरायची ते आजी सांगते. असा वर्ग शाळेच्या चार भिंतींत भरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महात्मा फुले यांचे घर पाहावे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तो भिडेवाडा मोडकळीला आला होता. स्मारक बांधण्यासाठी तो २०२३ साली पाडला. पण गंज पेठेतले फुल्यांचे घर जपून ठेवलेले आहे. अस्पृश्य म्हणून ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नसत, त्यांच्यासाठी जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई त्याच रोगाने गेल्या. आपल्या वर्गातल्या ज्या भगिनी संध्याकाळी भाकऱ्या उरकून पाटी-पुस्तक घेऊन येतात, त्यांना हे घर अवश्य दाखवावे. पैसे एकाच्याच तिकिटापुरते असतील, तर त्या घरधन्याने यंदा मागे राहावे!

मग शहर बसने आगाखान पॅलेसला जावे. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी येथे कैदेत होते. येथेच त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई वारले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. गांधीजी येथे कोंडलेले असताना आपल्याकडे काय चालले होते? माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार रानोमाळ हिंडून विजेचे मनोरे पाडत होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. समाधीपुढे उभे राहिल्यावर त्यांचीही आठवण होते.

खर्च बेताचा ठेवता येतो. पहिल्या दिवसाच्या भाकऱ्या बांधून न्याव्यात. जुन्या पेठा एकमेकींना लागून आहेत, तेथे पायीच फिरावे. काही ठिकाणी तिकीट असते. त्याचा दर आणि वेळ दारावरची पाटी वाचून आपणच पाहावी, दुसऱ्याला विचारू नये. एक लहान वही आणि पेन्सिल जवळ ठेवावी. पाहिलेल्या जागेचे नाव आणि साल तेथेच लिहून घ्यावे. रात्री मुक्कामावर ते मोठ्याने वाचावे. परत आल्यावर ती वही वर्गात आणावी.

वाचा आणि सांगा

१. शाहिस्तेखानाने पाठवलेला सरदार आपल्या तालुक्यात कोठे अडकला?
२. शनिवारवाड्याच्या दरवाजाला खिळे का आहेत?
३. फुल्यांनी घरचा हौद कोणासाठी खुला केला? तुमच्या गावात पाणवठे किती आहेत? तेथे कोण कोण पाणी भरते?
४. तुमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तिच्याविषयी पाच ओळी लिहा.