म्हातारपणी दात आणि पाय, दोन्ही चालते ठेवा

'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण घरातल्या वृद्ध माणसाच्या ताटाकडे नीट पाहिले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही हे लक्षात येईल. दात पडले की आधी भाकरी सुटते, मग मोडाची कडधान्ये, शेंगदाणे, काकडी, पेरू. उरतो मऊ भात, पातळ वरण आणि चहात बुडवलेले बिस्किट. पोट भरते, पण प्रथिने कमी पडतात. त्यामुळे वयाने आधीच झिजणारे स्नायू अधिक झिजतात, चालणे मंदावते, तोल जातो. उलट, हातातली ताकद गेली की दात घासणेही धड जमत नाही. अशी ही दोन दुखणी एकमेकांना वाढवतात.

वयाने दात पडतात का?

दात पडतात ते मुख्यतः कीड आणि हिरड्यांच्या रोगामुळे, केवळ वयामुळे नव्हे. जपानमध्ये १९८९ साली 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' अशी मोहीम सुरू झाली. तेव्हा हे दहांतील एकालाही साधत नव्हते. २०१६ च्या पाहणीत मात्र निम्म्याहून अधिक वृद्धांना ते साधलेले दिसले.

तोंड अस्वच्छ राहिले तर धोका दातांपुरताच राहत नाही. गिळण्याचे स्नायू दुबळे झाले की लाळ किंवा अन्नाचे कण श्वासनलिकेत उतरतात. त्याबरोबर तोंडातले जंतू फुप्फुसात जातात व न्यूमोनिया होऊ शकतो. जेवताना वारंवार लागणारा ठसका ही त्याची सूचना समजावी. जपानमधील वृद्धाश्रमांत दोन वर्षे झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या तोंडाची नियमित स्वच्छता केली गेली, त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले.

तोंडाचे व्यायाम

जेवणापूर्वी ताठ बसून पाच मिनिटे पुढील व्यायाम करावेत.

१) गाल फुगवावेत, मग आत ओढावेत. पाच वेळा.
२) जीभ बाहेर काढून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे न्यावी.
३) 'पा', 'ता', 'का', 'रा' ही अक्षरे प्रत्येकी पाच वेळा स्पष्ट व भरभर म्हणावीत. 'पा'ने ओठांना, 'ता' व 'रा'ने जिभेच्या टोकाला, तर 'का'ने जिभेच्या मुळाला काम मिळते.
४) कानापुढे गालावर बोटांनी हलके गोल चोळावे. लाळ सुटण्यास मदत होते. रक्तदाबाच्या व इतर काही औषधांनी तोंड कोरडे पडते. त्यांनी हे जरूर करावे. औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

शरीराचे व्यायाम

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. एका दमात जमत नसेल तर सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे चालावे. चालताना बोलता आले पाहिजे, इतपतच वेग असावा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून उठणे-बसणे पाच ते दहा वेळा करावे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, तोल सुधारतो. छातीत दुखले, दम लागला वा चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांनी, उपाशीपोटी चालण्याबाबत डॉक्टरांना विचारावे.

दातांची निगा

मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. रात्रीचे घासणे चुकवू नये. बोटे आखडत असतील तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळावे किंवा सायकलच्या मुठीचे रबर बसवावे, पकड येते. खरखरीत राखुंडीने दात झिजतात. मिश्री तर तंबाखूच आहे. तिने दात मजबूत होत नाहीत, कर्करोगाला मात्र आमंत्रण मिळते.

कवळी रात्री काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवावी. उकळते पाणी वापरू नये, कवळीचा आकार बिघडतो. कवळी सैल झाली असेल तर तशीच रेटू नये, दुरुस्त करून घ्यावी.

मधुमेह असेल तर हिरड्यांकडे अधिक लक्ष द्यावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येणे कठीण जाते.

हे अंगावर काढू नका

तोंडातील व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, गिळताना त्रास होऊ लागला, किंवा तोंड पुरेसे उघडेनासे झाले, तर विलंब न करता तपासून घ्यावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. कर्करोगाचा व्रण सुरुवातीला अनेकदा दुखत नाही. काहीच तक्रार नसली, तरी वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जावे.

घरच्यांनीही एक करावे. आजी-आजोबांसाठी सगळेच बारीक वाटून देण्यापूर्वी, त्यांना काय चावता येते हे विचारावे. जे चावता येते, ते ताटात राहू द्यावे. चावणे हाही व्यायामच आहे.