परदेशी जाताना मोबाइलची सोय

महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक कुटुंबांतील कर्ती माणसे नोकरीनिमित्त आखाती देशांत जातात. तेथील निवासी ओळखपत्र मिळेपर्यंत कायमस्वरूपी मोबाइल जोडणीस बहुधा विलंब लागतो. तोवर पारपत्र दाखवून अल्पमुदतीचे सिम अथवा, मोबाइलमध्ये सोय असल्यास, निघण्यापूर्वीच ई-सिम घेता येते.

मात्र गावाकडील क्रमांक जपावा. बँकेचा व आधारचा ओटीपी त्यावरच येतो आणि प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस न वापरल्यास बंद होऊ शकतो. यास्तव प्रस्थानापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करावे. खर्च टाळण्यासाठी त्यावरील इंटरनेट बंद ठेवावे.

जुलै २०२१ मधील महाडचा महापूर व तळियेची दरड अनुभवलेल्या या भागास संपर्काचे मोल वेगळे सांगावयास नको. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी परदेशी निघालेल्यांना ही माहिती आवर्जून द्यावी.