दोन भाषा येतात, म्हणून कोणी दुभाषा होत नाही

कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांसाठी चालणाऱ्या एका दवाखान्यात मी परिचारिका आहे. बहुतेक रुग्ण मेक्सिकोहून आलेले, स्पॅनिश बोलणारे. डॉक्टर इंग्रजी बोलणारे. मध्ये उभे राहतात ते केसपेपर काढणारे, रक्त घेणारे आमचे सहकारी. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, अशी वाढलेली ही मुलेमुली. त्यांना दुभाषाचे काम मी शिकवते. पाड्यांवर आपले कार्यकर्तेही हेच काम करतात, म्हणून हा पाठ.

पहिल्या दिवशी मी १९८० सालची फ्लोरिडातली घटना सांगते. अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात आणले. घरचे म्हणाले, 'इन्तोक्सिकादो'. क्युबाच्या लोकांच्या बोलण्यात याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधले. इंग्रजीत असाच ऐकू येणारा शब्द आहे, त्याचा अर्थ नशेत असलेला. उपचार अमली पदार्थांचे झाले. मेंदूतला रक्तस्राव दोन दिवस कळला नाही आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. आपल्याला समजले, असे दोन्ही बाजूंना वाटत होते. म्हणून दुभाषा कोणी बोलावलाच नाही.

२००३ साली 'पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात १३ भेटींचा अभ्यास आला होता. दर भेटीत दुभाषांच्या सरासरी ३१ चुका, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त गाळण्याच्या! शब्द येत नाही म्हणून सगळे गळते असे नाही. मदत करण्याच्या भरात पुष्कळ गळते. आजीबाई चार वाक्ये बोलतात आणि मुलगी डॉक्टरांना सांगते, "काही नाही, बरं आहे त्यांना." हा चांगुलपणा मोडणे सर्वांत अवघड जाते. त्यासाठी एकच सराव पुन्हा पुन्हा घेते: रुग्ण 'माझ्या छातीत दुखतं' म्हणाली, तर दुभाषानेही 'माझ्या छातीत दुखतं' असेच म्हणायचे. 'तिच्या' म्हटले की आपले मत आत शिरते.

औषधाच्या चिठ्ठीवरचा इंग्रजी 'वन्स', म्हणजे एकदा, हा शब्द स्पॅनिशमध्ये त्याच अक्षरांनी लिहिला की अकरा होतो. म्हणून गोळ्या कशा घेणार, हे रुग्णाकडूनच वदवून घ्यायचे. मुलांना मात्र दुभाषा करायचे नाही. आईचा गर्भपात आठ वर्षांच्या मुलाने का सांगावा? अगदी तातडीची वेळ सोडली तर येथील नियमही तेच सांगतात.

आणखी एक गोष्ट आदिवासी भागात काम करणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. ओआहाका भागातून आलेल्या कितीतरी मजुरांची भाषा स्पॅनिश नसून मिश्तेको असते. ते मान डोलावून 'सी, सी' म्हणतात. आम्हाला वाटते, कळले. म्हणून "स्पॅनिश येतं ना?" असे विचारायचे नाही, "घरात काय बोलता?" असे विचारायचे. मग दोन दुभाषे लागतात: एक इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये, दुसरा स्पॅनिशमधून मिश्तेकोत. वेळ दुप्पट जातो, डॉक्टर घड्याळाकडे बघतात. त्यातून मिश्तेको गावागणिक बदलते, त्यामुळे आम्ही केसपेपरवर आता भाषेच्या शेजारी गावाचे नावही लिहून घेतो.